आजाराची सरबराई

गिरगावात जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून खोताच्या वाडीत वळलं की रहदारीचा आवाज मागे पडतो. लाकडी जिने, नक्षीचे कठडे, खिडकीसमोर खिडकी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि वाडी उभी राहिली. एके काळी पासष्टच्या आसपास घरं होती. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे इकडे बसून मोजता येतं. अशा वस्तीत एखाद्या मोरीतला नळ अर्धा-अर्धा तास बंद होत नसेल, तर ती गोष्ट चार भिंतींत राहत नाही.

इथे ज्या घरापासून सुरुवात करायची आहे ते कोणा एका कुटुंबाचं घर नव्हे. ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) हा मानसिक आजार असलेल्या तरुण मुलांच्या घरांतून पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे, म्हणून त्यातल्या माणसांना नावं नाहीत.

मुलगा सत्तावीस वर्षांचा. बी.कॉम. झालेला, फोर्टातल्या एका ऑफिसात नोकरीला. संध्याकाळी जिन्यावर त्याची पावलं वाजली की आई कणकेचे हात धुऊन दार उघडून ठेवते, कारण कडीला त्याने हात लावायचा नसतो. चपला खालच्या पायरीवर राहतात. दारापासून मोरीपर्यंत जुने पेपर अंथरलेले असतात. नळही आईच सोडते, साबणाची वडी कागदातून काढून तीच देते. वडील खुर्चीतून उठून गॅलरीत जातात, कारण ते दुपारी बँकेत जाऊन आलेले असतात आणि त्यांचा सदरा अजून 'बाहेरचा' असतो. मग मोरीच्या दाराआडून प्रश्न येतो.

"आई, पाय लादीला नाही ना लागला?"

"नाही रे लागला."

"तू बघत होतीस?"

"बघत होते."

"नक्की?"

"नक्की, बाळा."

हेच सात वेळा होतं. सातव्यांदा आईचा आवाज जरा जरी वेगळा लागला, तर मोजणी पहिल्यापासून. मुलगा बाहेर येतो तेव्हा सव्वा तास गेलेला असतो, हातांची सालं निघालेली असतात, पिंपातलं पाणी तळाला आलेलं असतं आणि आमटी गार झालेली असते.

चार वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. आधी फक्त चपला बाहेर गेल्या. त्यात वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. मग कडी आली. मग पेपर. मग वडिलांचा सदरा. डोंबिवलीला दिलेली बहीण भाऊबीजेला आली, तेव्हा तिला आत येण्याआधी आंघोळ करायला सांगितलं गेलं. त्यानंतरच्या भाऊबीजेला ती आली नाही. प्रत्येक वेळी आईने मनाशी एकच म्हटलं होतं: पोर आधीच त्रासलंय, एवढ्याने त्याला बरं वाटत असेल तर करू या.

या प्रकरणाचा विषय आहे ते हे 'एवढंसं'.

मराठीत या आजाराला जुना शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र साधताना चूक झाली म्हणजे बुद्धीला लागतो तो चळ, असा त्याचा मूळ अर्थ. एका चुकीच्या अक्षराने सगळं फसेल ही धास्ती, म्हणून पहिल्यापासून पुन्हा म्हणणं, पुन्हा शंका, पुन्हा सुरुवात. ज्याने हा शब्द घडवला त्याने असं माणूस फार जवळून पाहिलेलं असणार. आज दवाखान्यात ओसीडी हाच शब्द रुळला आहे, घरातही तोच वापरायला हरकत नाही. पण आजीला समजावून सांगायचं असेल तर मंत्रचळ म्हटलेलं तिला पटकन कळतं.

आपल्याकडे हा आजार लपतो तो सोवळ्याच्या आड. बंगालीत 'शुचिबाई' असा शब्द आहे; दिवसभर धूत बसायला लावणाऱ्या शुद्धतेच्या वेडासाठी तो वापरतात. १९७५ साली चक्रवर्ती आणि बॅनर्जी या अभ्यासकांनी 'इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री'मध्ये बंगाली समाजातला विधी आणि हा आजार यांच्या सीमारेषेवर लिहिलं होतं. गिरगावातल्या जुन्या घरांनाही ही सीमारेषा ओळखीची आहे. दांडीवर काठीने वाळत घातलेलं सोवळ्याचं लुगडं कित्येकांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे नातू तासभर हात धुऊ लागला तर "आजीवर गेलाय" म्हणून कौतुकच होतं. फरक असा, की सोवळ्याला शेवट असतो. पूजा आटोपली, नैवेद्य झाला, सोवळं उतरलं, माणूस समाधानाने पानावर बसला. मंत्रचळाला शेवट नाही. इथे धुणाऱ्यालाच ठाऊक असतं की हात मघाशीच स्वच्छ झाले, आणि तरी तो थांबू शकत नाही. हे असं दिवसाचा तासाहून अधिक वेळ खात असेल, किंवा त्यापायी नोकरी, झोप, माणसं सुटत चालली असतील, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

आणि तो दुर्मीळ नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आकडा इथल्यांनीही लक्षात ठेवावा असा आहे: प्रौढांमध्ये सुमारे ०.८ टक्के, म्हणजे शंभरात जवळपास एक. बहुतेकांत तो किशोरवयात किंवा विशीच्या आत-बाहेर सुरू होतो. कॉलेज, पहिली नोकरी, लग्नाची बोलणी हे सगळं ज्या वयात व्हायचं त्याच वयात. उपचार सुरू व्हायला मात्र वर्षानुवर्षं लागतात, कारण माणूस लाजेने लपवतो आणि घर त्याला लपवायला मदत करतं.

आजार चालतो कसा ते समजून घेतलं, की घरच्यांचं काम निम्म्याने सोपं होतं. मनात एक नको असलेला विचार घुसतो: हाताला काहीतरी लागलं, गॅस चालू राहिला, आपल्या हातून कुणाचं वाईट होणार. असे विचार सगळ्यांच्याच मनात येतात आणि निघून जातात. ओसीडीत तो विचार अडकतो आणि त्यातून जीव घाबरा होतो. ती घबराट घालवायला माणूस काहीतरी करतो: धुतो, तपासतो, मोजतो, विचारतो. क्षणभर बरं वाटतं. त्या क्षणभराच्या सुटकेतूनच मेंदू चुकीचा धडा शिकतो, की धोका खरा होता आणि धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी शंका अधिक जोरात येते. आईवडिलांच्या वागण्यामुळे हा आजार होत नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे, मेंदूतल्या विशिष्ट जाळ्यांच्या कामकाजाचा आहे. "आम्ही लहानपणी फार धाकात ठेवलं म्हणून झालं का?" हा प्रश्न मानसोपचाराच्या ओपीडीत रोज विचारला जातो आणि त्याचं उत्तर नाही असं आहे. आजार सुरू होण्यात घराचा दोष नसतो. तो टिकून राहण्यात मात्र घराचा हात लागतो, आणि तो मायेचाच हात असतो, हे ऐकणं आईवडिलांना सगळ्यात जड जातं.

१९९५ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बार्बरा कॅल्व्होकोरेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओसीडीच्या ३४ रुग्णांच्या घरच्यांना साधे प्रश्न विचारले. तुम्ही रुग्णाच्या वतीने काही करता का? त्याला पुन्हा पुन्हा खात्री देता का? त्याच्यासाठी घरातल्या रीती बदलल्यात का? ३४ पैकी ३० घरांनी होय म्हटलं. या वागण्याला शास्त्रात जे इंग्रजी नाव आहे त्याचा अर्थ 'सामावून घेणं' असा होतो, पण मराठीत तो शब्द फार भला वाटतो. घरात प्रत्यक्ष चालते ती आजाराची सरबराई. पाहुणा येतो, त्याला पाट-पाणी दिलं जातं, त्याच्या वेळा सांभाळल्या जातात, घरातली माणसं त्याच्यासाठी जागा रिकामी करतात. पाहुणा मग जायचं नाव काढत नाही. नंतरच्या अनेक अभ्यासांत हेच दिसलं, की जिथे सरबराई जास्त तिथे आजार जास्त तीव्र आणि उपचारांचा गुण कमी.

पैसा आणि माणसं कमी पडली नाहीत तर ही सरबराई कुठवर जाते, याचं उदाहरण हॉवर्ड ह्यूज. विमानं बनवणारा, चित्रपट काढणारा, जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. त्याला जंतूंची विलक्षण भीती होती. आपल्यासाठी फळांचा डबा कसा उघडायचा याचे टप्प्याटप्प्याचे लेखी नियम त्याने नोकरांना दिले होते: डबा कसा धुवायचा, हात किती वेळा धुवायचे, बोलायचं केव्हा नाही. नोकर पगारी होते, त्यांनी सगळं पाळलं. त्याच्या हयातीत या आजाराचं नाव कुणी घेतलं नाही. पुढे तज्ज्ञांनी कागदपत्रं तपासून ओसीडीचं निदान मांडलं. वेदनाशामक औषधांचं व्यसनही त्याला जडलेलं होतं. ५ एप्रिल १९७६ रोजी तो वारला, तेव्हा सहा फुटांहून उंच असलेल्या त्या माणसाचं वजन जेमतेम ४२ किलो भरलं आणि ओळख बोटांच्या ठशांवरून पटवावी लागली. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याला नाही म्हणणारं जवळचं माणूस उरलं नव्हतं.

मग नाही म्हणायचं कसं? ज्या वर्षी ह्यूज लास व्हेगासच्या हॉटेलात जाऊन राहिला त्याच वर्षी, १९६६ मध्ये, लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधले व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. एका बाईला धुण्या-पुसण्याचा छंद जडलेला, दुसरीला देवाधर्माविषयी अभद्र विचार सतावणारे. मेयर यांनी त्यांना भीतीच्या गोष्टींजवळ नेलं आणि नंतरचा विधी करू दिला नाही. धुणाऱ्या बाईच्या खोलीतले नळ बंद केले, परिचारिका सोबत बसून राहिल्या. घबराट चढली, टिकली, आणि आपोआप उतरली. १९७४ पर्यंत त्यांनी १५ जणांवर ही पद्धत वापरली होती, त्यांतले १० खूप सुधारले किंवा पूर्ण बरे झाले. तोवर हा आजार असाध्य समजला जायचा. आज हीच पद्धत एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी, म्हणून जगभर पहिल्या पसंतीची आहे. भीतीला सामोरं जायचं आणि विधी करायचा नाही, इतकाच तिचा गाभा. जोडीला औषधं असतात. नैराश्यावर वापरली जाणारीच ही औषधं, पण ओसीडीत मात्रा सहसा जास्त लागते आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून गोळ्या सोडणारी घरं मुंबईत असंख्य असतील. तेवढा धीर धरायला कुणीतरी आधी सांगायला हवं.

मेयर यांचं वाचून काही वडील घरी जातात आणि नळाचा कॉक फिरवून टाकतात. हे करू नये. मेयर यांच्या रुग्णांना सगळं आधी समजावलं होतं, त्यांची संमती होती, शेजारी शिकलेलं माणूस होतं. घरात अचानक बळजबरी झाली तर मुलगा दार लावून घेतो किंवा अंगावर येतो, आणि त्याचा विश्वास उडतो तो वेगळाच. खेकसणं, शेजारच्या मुलाशी तुलना, "पाण्याचं बिल कोण भरणार" असली बोलणी यांनी घबराट वाढते, आणि घबराट वाढली की धुणं वाढतं. पुष्कळ घरांत आई सरबराई करते आणि वडील करवादतात. मुलगा दोघांच्या मध्ये सापडतो आणि आजाराला दोन्हीकडून खाऊ मिळतो. उपचारापूर्वी आईवडिलांनी आपसांत एकमत करणं ही पहिली पायरी आहे, आणि ती चढायलाच कधी कधी महिने लागतात.

लहान मुलाला उचलून डॉक्टरकडे नेता येतं. सत्तावीस वर्षांच्या मुलाला नाही. त्याचं शरीर, त्याचा पगार, त्याचा निर्णय. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यानुसारही सज्ञान माणसाच्या उपचारात त्याची संमती आणि त्याची गोपनीयता यांना मान आहे. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी कोण असावा हेही तोच लिहून ठरवू शकतो. "तो यायलाच तयार नाही, आम्ही काय करणार?" असं म्हणून आईवडील हात टेकतात ते इथे.

पण करण्यासारखं पुष्कळ असतं. येलमधलेच मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी एक पद्धत बसवली आहे, तिचं आद्याक्षरी नाव 'स्पेस'. तिच्यात मूल येतच नाही. फक्त आईवडील येतात आणि फक्त स्वतःचं वागणं बदलायला शिकतात. चिंतेचे आजार असलेल्या १२४ मुलांच्या चाचणीत, ज्यांच्या केवळ पालकांना शिकवलं त्या मुलांना थेट उपचार मिळालेल्या मुलांइतकाच गुण आला. पुढे ही पद्धत घरात अडकून पडलेल्या तरुण मुलांच्या पालकांसाठीही वापरली गेली. मुलाने हात धुवायचे की नाही हे आईच्या हातात नाही. नळ कुणी सोडायचा, सातव्यांदा उत्तर द्यायचं की नाही, हे मात्र तिच्याच हातात आहे.

आपल्या देशालाही ही वाट अनोळखी नाही. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावलं होतं, कारण आजार घरात जगायचा आहे तर घराने तो शिकायला हवा. २०१८ मध्ये निम्हान्सच्या संशोधकांनी औषधं चालू असलेल्या ओसीडीच्या रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाच्या घरच्यांना मोजक्या सत्रांत आजाराची ओळख करून दिली, सरबराई कमी कशी करायची ते शिकवलं. दुसऱ्या गटाला नुसतं शिथिलीकरण शिकवलं. पहिल्या गटाचे रुग्ण स्पष्टपणे अधिक सुधारले आणि घरातली सरबराईही उतरली. वर्षभराच्या महागड्या थेरपीचा हा प्रकार नव्हता. आपल्या सरकारी रुग्णालयांत जमण्याजोगं काहीतरी शोधलं होतं, म्हणून ही चाचणी मोलाची.

घरी हे कसं उतरतं? विधी चालू असताना काहीच ठरवायचं नाही. रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, मुलगा शांत असताना बसायचं. एकच गोष्ट निवडायची, आणि ती शक्यतो मुलालाच निवडू द्यायची. समजा, खात्रीचा प्रश्न. आजवर सात उत्तरं मिळत होती. सोमवारपासून तीन मिळतील, दोन आठवड्यांनी एक. हे कागदावर लिहून फ्रिजला लावायचं म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही. आणि चौथ्यांदा प्रश्न आला की काय बोलायचं तेही आधीच ठरवून ठेवायचं. लेबोविट्झ पालकांना एका वाक्यात दोन गोष्टी बोलायला शिकवतात, तुझा त्रास मला दिसतो आणि तो तू सोसू शकशील. गिरगावातली आई ते असं म्हणेल: "जीव घाबरलाय तुझा, कळतंय मला. पण निभावशील तू." इतकंच. त्यापुढे समजावणं नाही, पुरावे नाहीत, देवाची शपथ नाही. शपथ घेतली की तीही खात्रीच झाली.

पहिले दिवस वाईट जातात. मुलगा चिडतो, रडतो, "तू माझी आई आहेस की नाही" असंही म्हणतो. आजवर मिळत आलेलं एकदम मिळेनासं झालं की मागणी आधी वाढतेच. तिसऱ्या दिवशी आईने हार मानली आणि दहाव्यांदा उत्तर दिलं, तर मेंदू एवढंच शिकतो की दहा वेळा विचारायला हवं. म्हणून जेवढं शेवटपर्यंत निभावता येईल तेवढंच हातात घ्यायचं. उरलेली सरबराई, पेपर, चपला, सदरा, तशीच चालू ठेवायची आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावायचा नाही. जिथे मुलगा आक्रमक होतो तिथे हे मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय सुरूच करू नये. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तो बोलू लागला तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्यायची. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

धुणं आणि तपासणं निदान डोळ्यांना दिसतं. काही तरुणांचा ओसीडी सगळा डोक्यात चालतो. तिशीची मुलगी, भावाला बाळ झालेलं, आणि तिच्या मनात अचानक विचार येतो की आपण बाळाला काही करून बसू. ती बाळाला घेणं सोडते, स्वयंपाकघरात जाणं टाळते, रात्रभर मनात जप करते. गणपतीच्या आरतीत देवाबद्दल घाणेरडा शब्द मनात आला म्हणून कुणी आरतीलाच उभं राहत नाही. या माणसांना ते विचार असह्य होतात ते त्यांना बाळ प्रिय असतं, देव प्रिय असतो म्हणून. असले विचार आले म्हणून ही माणसं घातक ठरत नाहीत. पण मुलीने धीर करून सांगितलं आणि आईने गुपचूप विळी माळ्यावर टाकली, की मुलीला वाटतं, आईलाही खरं वाटतंय. तीही सरबराईच. अशा वेळी विळी जागच्या जागी राहू द्यावी आणि मुलीला डॉक्टरकडे न्यावं.

एक घातक सल्ला असतो तो लग्नाचा. "दोनाचे चार हात झाले की सुटेल" असं अजूनही मोठी माणसं म्हणतात. लग्नाने मंत्रचळ सुटत नाही. सरबराई करायला एक माणूस वाढतं, तेही अंधारात ठेवून आणलेलं. उपचाराखाली असलेला, आजार उघडपणे सांगणारा माणूस चांगला संसार करू शकतो. लपवून केलेल्या लग्नात दोन घरं पोळतात.

जायचं कुठे? गिरगावकरांना लांब जायला नको. चर्नी रोडहून दोन स्टेशनांवर मुंबई सेंट्रल, तिथून चालत नायर रुग्णालय. परळला केईएम, भायखळ्याला जे.जे. तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत आणि खर्च सामान्यांच्या आवाक्यातला आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था समुपदेशन आणि मराठीतून मनाच्या आरोग्याची ओळख करून देण्याचं काम करते. ओपीडीत वेळ थोडा मिळतो. म्हणून आठवडाभराची टिपणं नेणं फार उपयोगी: कोणता विधी, किती वेळ, त्यात घरातल्या कुणी काय केलं. "खूप धुतो हो" या वाक्यापेक्षा "सोमवारी सव्वा तास, सात वेळा विचारलं" हे वाक्य डॉक्टरांच्या कामाचं. ईआरपी येते का, हे मानसशास्त्रज्ञाला सरळ विचारावं. नुसत्या गप्पांनी आणि धीर देण्याने हा आजार हटत नाही. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांचा खर्च शारीरिक आजारांच्याच बरोबरीने देणं बंधनकारक केलं आहे. आजार फार तीव्र असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरल्यास, प्रमाणपत्र आणि सवलती मिळतात.

आईवडील रात्री दिवा मालवल्यावर एकमेकांना जे विचारतात त्याला मात्र कुठल्याच खिडकीवर अर्ज मिळत नाही: आपल्यानंतर याचं काय? सत्तरीच्या आईने आपले गुडघे दुखत असताना पेपर अंथरत राहायचं, आणि ती गेल्यावर ते बहिणीने करायचं, असं न बोलताच ठरून गेलेलं असतं. बहिणीला विचारलेलं नसतं. ज्याने एकट्याने कडी उघडायला शिकायचं त्याला ती आजच, आई शेजारी असताना, उघडू देणं हाच त्या प्रश्नावरचा हाती असलेला उपाय आहे. आईने दुपारी दोन तास भजनीमंडळात जायला लागणं, वडिलांनी 'बाहेरच्या' सदऱ्यातच खुर्चीत बसून पेपर वाचणं, बहिणीला भाऊबीजेचं आवतण पुन्हा जाणं, यांना उपचार म्हणून कुणी लिहून देत नाही. घर आजारापासून परत मिळतं ते असंच, एकेक खुर्ची करत.

वाडीतल्या त्या घरात गोळ्या सुरू होऊन पाच महिने झाले आहेत. मुलगा दर शनिवारी मानसशास्त्रज्ञाकडे जातो; पहिले दोन महिने गेलाच नव्हता, तेव्हा आईवडीलच जाऊन आले होते. एका संध्याकाळी पावलं वाजली, आणि ठरल्याप्रमाणे आई स्वयंपाकघरातच थांबली. दाराबाहेर तो उभा राहिला. समोरच्या घरात कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. वडील खुर्चीत होते, त्यांनी पेपरचं पान उलटलं नाही. बाहेरून आवाज आला, "आई?" आईने आतूनच म्हटलं, "आहे मी इथेच." चौथ्या शिट्टीनंतर कडी वाजली. रुमालात धरून उघडली होती. पुढच्या आठवड्यात रुमाल नव्हता, पण त्या दिवशी मोरीत पाऊण तास गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात अर्धा.

पेपर अजून अंथरलेलेच असतात. त्यांची पाळी दिवाळीनंतर, असं तिघांनी मिळून फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं आहे.